आप्पा नशिराबादला पोहोचले आहेत

असोद्याच्या उखर्डूभाऊंच्या नूतनचं लग्न बारा वाजून वीस मिनिटांच्या मुहूर्तावर होतं. एक वाजून गेला तरी नवरदेव पाटावर उभा राहून एका पायाचा भार दुसऱ्या पायावर देत होता. यात वावगं काही नव्हतं. खानदेशात मुहूर्त पत्रिकेत छापण्यासाठी असतो. लग्न लागतं ते पुढारी आल्यावर. वावगं एवढंच होतं की माईक धरून 'मंडळी, थोडाच अवधी' असं सांगणारा माणूस खुद्द नवरीचा बाप होता. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळावर कुंकू, अंगात नवाकोरा सदरा, त्याच्या कॉलरचं स्टिकर काढायचं राहिलेलं, आणि हातात महावीरशेठच्या बिछायत केंद्राचा जाडजूड माईक. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने 'वधूपिता श्री. उखर्डूभाऊ यांनी कृपया स्टेजवर यावं' अशी स्वतःलाच विनंती केली होती, आणि कोणी येत नाही असं पाहून ती पुन्हा एकदा केली होती.

बाहेर एप्रिलचं ऊन. त्या वर्षी मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त, म्हणून सगळ्या वर्षाची लग्नं एप्रिलच्या शेवटी कोंबलेली, आणि त्यातच लोकसभेची निवडणूक. एकेका गावात तीन-तीन मांडव. गुरुजींना पुढचं लग्न भादलीला होतं आणि ते अंतरपाटाची घडी घालून पुन्हा उलगडत होते. साक्रीहून आलेले व्याही हिलालभाऊ पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांना दिसेल अशा बेताने घड्याळ बघत होते. आचाऱ्याने बट्ट्या तुपात सोडून केव्हाच काढल्या होत्या. आणि उखर्डूभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते:

"आपले सर्वांचे लाडके खासदार, पंडितआप्पा, नशिराबादला पोहोचले आहेत."

आप्पा नशिराबादला आहेत हे उखर्डूभाऊंना कसं कळलं? कळलं नव्हतं. ही एक विद्या आहे, आणि ती कशी आली हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

उखर्डू हे नाव आईबापांनी काळजीपोटी ठेवलेलं. आधीची दोन मुलं हाती लागली नाहीत, म्हणून तिसरं जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आत्याने उचलून आणलं, आणि नाव पडलं उखर्डू. असल्या टाकाऊ नावाकडे यमाचं लक्ष जात नाही म्हणतात. यमाचं लक्ष गेलं नाही हे खरं. पण ज्याने पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या नावांमागे विशेषणं लावली, त्याच्या स्वतःच्या नावाला एकही विशेषण कधी चिकटलं नाही.

आवाज त्यांनी केळीच्या बागेत कमावला. केळीत दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही. घड कापणाऱ्या टोळीला बोलवायचं तर हाक पानांमधून आरपार जावी लागते. उखर्डूभाऊ तेव्हा टोळीचे मुकादम होते आणि त्यांची हाक शेजारच्या बागेतली माणसंही काम सोडून ऐकायची. एकदा गावात एक लग्न होतं आणि माईकवाल्याचा घसा आदल्या दिवशीच्या हळदीत बसला होता. महावीरशेठनी मांडवभर नजर फिरवली आणि उखर्डूला धरलं. "तुला माईकची गरज नाही," ते म्हणाले, "पण धर. आता लावलाय तर वापरला गेला पाहिजे."

त्याच लग्नाला एक शिडशिडीत तरुण जुन्या राजदूत मोटारसायकलवर आला. पंडित त्याचं नाव. जिल्हा परिषदेचा सदस्य होता, पण त्याला बघून कोणी खुर्ची सोडली नाही. उखर्डूच्या हातात पहिल्यांदाच माईक आलेला. माईकवर नुसतं नाव घेणं त्याला उघडंबोडकं वाटलं. म्हणून तो म्हणाला, "तरुण, तडफदार आणि या भागाचे भावी खासदार, पंडितआप्पा!" मध्ये आमदारकी नावाची एक पायरी असते हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाच्याही ध्यानात आलं नाही. नेहमीचे दोन उमेदवार एकमेकांशी भांडून बाद झाले, तिकीट तिसऱ्याला गेलं, आणि तो तिसरा निवडून आला. गुलाल अंगावर तसाच ठेवून पंडितआप्पा पेढे घेऊन असोद्याला आले आणि उखर्डूच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, तू बोललास म्हणून झालं.

त्यानंतर आप्पा ओळीने पाच वेळा लोकसभेत गेले आणि उखर्डूभाऊ त्यांना विशेषणं पुरवत गेले. पहिल्या वेळी 'तरुण तडफदार'. दुसऱ्या वेळी आप्पांना चष्मा लागला, म्हणून 'अभ्यासू'. तिसऱ्या वेळी 'कार्यसम्राट'. चौथ्या वेळी 'विकासपुरुष', ही पदवी त्या सुमाराला सगळ्यांनाच मिळाली होती. पाचव्या वेळी 'आमचे आधारवड'. हे ऐकून आप्पांनी उखर्डूला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, जरा लवकर नाही ना झालं?

दिल्लीत आप्पांनी काय केलं याबद्दल दोन मतं आहेत. विरोधक म्हणतात, काही केलं नाही. आप्पांची माणसं म्हणतात, पण कोणाचं वाईट तरी केलं का? केळीच्या पीकविम्यावर ते एकदा शून्य प्रहरात बोलायला उभे राहिले. नमस्कारचमत्कारातच त्यांचा वेळ संपला, घंटा वाजली, माईक बंद झाला आणि आप्पा खाली बसले. असोद्यात ती क्लिप प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरली. लोकांना विम्यापेक्षा घंटेचं नवल वाटलं. आप्पांना थांबवता येतं हे कोणाला माहीतच नव्हतं. उखर्डूभाऊंनी क्लिप दोनदा पाहिली आणि निकाल दिला, माईकवाला नवा असेल.

पण लग्नं? लग्नांच्या बाबतीत दुमत नाही. सकाळी चोपड्याला, दुपारी असोद्याला, गोरज मुहूर्तावर एरंडोलला. मधल्या वेळात एखादं दहावं आणि जाता जाता बारसं. मतदारसंघात एखादा पूल राहिला असेल, लग्न राहिलं नाही. मात्र एकाच मुहूर्तावर वीस लग्नं असली की वीसही ठिकाणी वेळेवर पोहोचणं देवालाही जमत नाही. म्हणून लोकांनी थांबायचं. आणि लोकांना थांबवायचं काम उखर्डूभाऊंचं.

ते आप्पांना माईकवरून चालवत. 'साहेब घरून निघाले आहेत.' मग थोडा वेळ आहेर पुकारायचे. 'साहेबांनी भुसावळ सोडलं.' मग पाहुण्यांचे सत्कार, टोपी-टॉवेल. 'साहेब नशिराबादला पोहोचले.' नशिराबाद हे ठिकाण या कामाला फार सोयीचं. आशा सुटू नये इतकं जवळ, आणि कोणी रस्त्यावर जाऊन बघू नये इतकं लांब. नशिराबादला माणूस अर्धा तास सहज ठेवता येतो. शेवटी 'वेशीत गाडी दिसते आहे' म्हटलं की बायका उठून पदर सारखे करत. सुरुवातीच्या वर्षांत मोबाईल नव्हते, म्हणून हे सगळं अंदाजाने चाले. मोबाईल आल्यावर पद्धत बदलावी असं काही उखर्डूभाऊंना वाटलं नाही. एकदा आप्पा अधिवेशनासाठी दिल्लीत होते आणि इकडे उखर्डूभाऊंनी त्यांना पार वेशीपर्यंत आणलं होतं. बातमी कळल्यावर त्यांनी आप्पांना वेशीतूनच महत्त्वाच्या बैठकीसाठी परत पाठवलं. कोणाला शंका आली नाही.

आता अशा माणसाच्या स्वतःच्या मुलीचा साखरपुडा साक्रीला झाला. मुलगा ललित, शाळेत शिक्षक, शांत. त्याचे वडील हिलालभाऊ शांत नव्हते. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत त्यांनी शंभर माणसांसमोर विचारलं, "आमना साक्रीमा लगनले आमदार येतस. तुमनाकडे कोन येई?"

हातात माईक नव्हता, पण उखर्डूभाऊंचा आवाज तोच लागला. "आप्पा येतील. खासदार. आप्पांच्या अक्षता पडल्याशिवाय माझ्या नूतनचं लग्न लागणार नाही."

बोलणं झालं ते झालं. आप्पांनीही फोनवर सांगितलं होतं, उखर्डू, तुझ्या पोरीचं लगन मी चुकवीन का?

आणि लग्नाला दोन आठवडे राहिलेले असताना आप्पांचं तिकीट कापलं गेलं.

तिकीट मिळालं कुंदनभैय्यांना. वय कमी, कॉलेजं तीन, केसांना जेल. आप्पांचा फोन बंद झाला. वर्तमानपत्रांत रोज येऊ लागलं: आप्पा नाराज, आप्पा अपक्ष उभे राहणार, आप्पा संपर्काबाहेर. कार्यकर्ते एका संध्याकाळीत इकडचे तिकडे झाले. आप्पांचा ड्रायव्हरसुद्धा भैय्यांच्या ताफ्यात गेला, गाडी तेवढी आप्पांच्या अंगणात राहिली. असोद्याच्या चहाच्या टपरीवर उखर्डूभाऊ दिसले की कोणीतरी म्हणायचंच, "काऱ्हे भो उखर्डू, आता कोणाला आणशीन नशिराबादहून?"

उखर्डूभाऊंच्या बायकोने, यशोदाबाईंनी, सरळ मार्ग सुचवला. पाहुण्यांना आधीच सांगून टाकावं, आप्पा येत नाहीत म्हणून. "खासदार नसला तरी पोरी नांदतात," त्या म्हणाल्या.

हे उखर्डूभाऊंनाही पटत होतं. पण त्यांना झोप लागत नव्हती ती दुसऱ्या गोष्टीने. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोरी, लोकांचे पोरगे, लोकांची भुकेली वऱ्हाडं या एका माणसासाठी थोपवून धरली होती. परक्यांच्या मांडवात जे पाळलं ते स्वतःच्या मांडवात मोडलं, तर एवढ्या लोकांना उन्हात बसवून आपण केलं तरी काय? साक्रीकरांपुढे दिलेला शब्द ही एक गोष्ट. ही दुसरी त्याहून जड होती, आणि ती यशोदाबाईंना सांगण्यासारखी नव्हती.

शिवाय विशेषणाचा प्रश्न होताच. तिकीट कापलेल्या खासदाराला काय म्हणायचं? निकाल लागेपर्यंत तो खासदारच. 'विद्यमान' हा शब्द मनात आला आणि उखर्डूभाऊंनी तो लगेच झटकला. माणसाला विद्यमान म्हणू लागले की समजावं, त्याने सामान बांधायला घेतलंय.

त्यात लग्नाच्या आदल्या दिवशी भैय्यांच्या माणसाचा फोन. भैय्या एकच्या सुमाराला येतायत, वधूवरांना आशीर्वाद देतील, आणि माईकवरून 'भावी खासदार' तेवढं म्हणा. तुमच्या तोंडून निघालं की होतं म्हणे. उखर्डूभाऊंनी 'बघू' म्हटलं. ज्या तोंडाने आप्पांना दिल्लीला नेलं त्याच तोंडाने आता त्यांना परत आणायचं, असा त्या फोनचा अर्थ होता.

तर असा हा लग्नाचा दिवस. आप्पांचा फोन सकाळपासून बंद. साडेबाराला आप्पा घरून निघाले, पाऊण वाजता त्यांनी भुसावळ सोडलं, एकला ते नशिराबादला पोहोचले, आणि तिथेच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा उखर्डूभाऊंना त्यांना पुढे नेता येईना. कारण नशिराबादच्या पुढे वेस, आणि वेशीच्या पुढे मांडवाचं दार. दारातून मात्र कोणीतरी खरंखुरं आत यावं लागतं.

गुरुजी दोनदा कानाशी लागून गेले. आचाऱ्याने निरोप पाठवला. मग यशोदाबाई स्वतः स्टेजच्या कडेला आल्या आणि एवढंच म्हणाल्या की बट्ट्या दगड झाल्या. अंतरपाटामागून नूतनने हलक्या आवाजात म्हटलं, "बाबा, हार सुकला." हलक्या आवाजात म्हटलं खरं, पण महावीरशेठचा माईक चांगल्या कंपनीचा होता, ते सगळ्या मांडवाने ऐकलं. हशा पिकला. त्या हशातच हिलालभाऊ उठले आणि सावकाश स्टेजवर चढले.

"उखर्डूभाऊ, तुमना खासदार कोठे शे?"

"नशिराबाद."

"घंटाभर व्हयना, नशिराबादमाच शे. तठे काय सासरवाडी शे का त्यासनी?"

पहिली रांग हसली, दुसरी हसली, आणि मागच्या रांगांना पुढच्यांनी सांगितल्यावर त्याही हसल्या. उखर्डूभाऊंनी फेटा सारखा केला. घाम कानामागून सदऱ्यात उतरत होता. हजारो लग्नं त्यांनी थोपवली होती, पण थोपवणारा कुठे बघतो हे त्यांना आज कळत होतं. तो दाराकडे बघतो. दारात एक कुत्रं झोपलेलं होतं.

एवढ्यात ते कुत्रं उठलं आणि पळालं.

फटाके. मग डीजे. मग धुळीचा लोट, आणि त्यात एकामागून एक पांढऱ्या गाड्या. आख्खा मांडव उभा राहिला. खुर्च्या पडल्या, पोरं खुर्च्यांवर चढली, बायकांनी पदर सारखे केले. उखर्डूभाऊंचं काळीज इतकं जोरात उडालं की माईकमध्येही ठोका उमटला असेल. "आणि मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "ज्यांची आपण चातकासारखी वाट..."

गाडीतून कुंदनभैय्या उतरले.

वाक्य तिथेच राहिलं. भैय्या मात्र थांबणाऱ्यातले नव्हते. त्या दिवसातलं त्यांचं कितवं लग्न होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हात जोडलेले, हसू जुळवलेलं, मागे फोटोग्राफर. ते एका कडेने रांगा घेत निघाले: काळ्या केसांना नमस्कार, पांढऱ्या केसांच्या पायांना हात. तोंडाकडे बघत बसायला वेळ नव्हता. पहिली रांग झाली, दुसरी झाली, आणि ते डावीकडच्या कूलरजवळ, साक्रीकर पाहुण्यांच्या घोळक्यात शिरले. भैय्यांचा माणूस स्टेजसमोर येऊन ओठांनी दाखवू लागला: भावी खासदार, भावी खासदार म्हणा.

उखर्डूभाऊंनी माईक तोंडाशी नेला. समोर नवरी उभी, व्याही उभे, गुरुजींचा एक पाय भादलीच्या रस्त्यावर. दोन शब्द टाकले की लग्न लागणार होतं.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की भैय्या वाकले आहेत ते वर येत नाहीत.

कूलरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. डोक्याला चट्ट्यापट्ट्याचा टॉवेल, हातात पाण्याचा प्लास्टिकचा ग्लास. भैय्यांनी त्याच्या पायांना हात लावला होता, त्याने सवयीने भैय्यांच्या डोक्यावर हात ठेवून 'यशस्वी हो' म्हटलं होतं, आणि तो आवाज ऐकून भैय्या जिथल्या तिथे थिजले होते. लोकांना वाटलं, कंबर धरली. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. म्हाताऱ्याने दचकून मान वर केली, टॉवेल खांद्यावर आला.

"आप्पा!" कोणीतरी ओरडलं.

आप्पा. मांडवात. किती वेळापासून कोण जाणे. एकट्याने, ताफ्यावाचून. त्यांच्याभोवती कार्यकर्ते नव्हते म्हणून ते कोणाला दिसलेच नव्हते. खासदार तोंडावरून ओळखायची सवय कोणालाच राहिलेली नव्हती. आणि ज्या साक्रीकरांमध्ये ते बसले होते त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

उखर्डूभाऊ माईक घेऊन उभेच. तरुण नाही, अभ्यासू नाही, सम्राट नाही, वड नाही. एक विशेषण तोंडात येईना. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा महावीरशेठच्या स्पीकरमधून नुसतीच घरघर ऐकू येत होती. शेवटी त्यांच्या तोंडून घरात विचारावं तसं आलं:

"आप्पा, तुम्ही होता कुठे?"

आप्पांचा आवाजही जुना, सभांमध्ये पिकलेला. त्यांना माईक लागला नाही.

"नशिराबादला."

मांडवाचं कापड हललं इतका हशा झाला. हिलालभाऊ स्टेजवर होते, त्यांनी नवरदेवाच्या खांद्याचा आधार घेतला. गुरुजी हसले, नूतन अंतरपाटामागे हसली आणि हाराची दोनचार फुलं गळली. भैय्यासुद्धा हसले. ते अजून अर्धे वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"पुढे या आप्पा," उखर्डूभाऊ माईकवरच म्हणाले. "पोरीचं लगन खोळंबलंय."

आप्पा उठून आले. रिवाजाप्रमाणे उखर्डूभाऊंनी दोन शब्दांसाठी माईक त्यांच्या पुढे केला. आचाऱ्याने हे लांबून पाहिलं आणि चुलीपाशी मटकन बसला. आप्पांचे दोन शब्द म्हणजे काय असतात हे त्याला ठाऊक होतं. पण आप्पांनी समोर पाहिलं. पुसून पुसून लाल झालेली तोंडं, रडून झोपी गेलेली पोरं, हातपंख्यासारख्या हलणाऱ्या लग्नपत्रिका. हे दृश्य त्यांनी आतून नुकतंच भोगलेलं होतं.

"सावधान म्हणा गुरुजी," ते म्हणाले. "मंडळी उपाशी आहेत."

पाच टर्ममधलं त्यांचं हे सर्वांत छोटं भाषण. घंटा वाजवायची कोणाला गरज पडली नाही. त्याला जितक्या टाळ्या पडल्या तितक्या दिल्लीत कधी पडल्या नसतील. मग मंगलाष्टकं झाली, अक्षतांचा पाऊस पडला, टाळी लागली, डीजेवाल्याने आवाज सोडला, आणि नूतन साक्रीची झाली. आप्पांच्या अक्षता पडूनच झाली.

खुलासा पंगतीत झाला. वरणात बट्टी चुरत आप्पांनी उखर्डूभाऊंना सगळं सांगितलं. ड्रायव्हर नाही, म्हणून ते जळगावहून असोद्याच्या बसने आले. बसमध्ये आमदार-खासदारांसाठी एक जागा राखून ठेवलेली असते. पाच टर्ममध्ये ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. तिच्यावर एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. तिला उठवणं बरं दिसेना, म्हणून ते उभ्याने आले. मुहूर्ताच्या बऱ्याच आधी मांडवात पोहोचले आणि ऊन लागलं होतं म्हणून कूलरपाशी टेकले.

"उठणारच होतो रे," आप्पा म्हणाले. "पण मी स्वतःहून कधी कुठे आलोच नाही. गाडीचं दार उघडायचं, तुझा आवाज यायचा, लोक धरून न्यायचे. आज उठून यायचं कसं तेच कळेना. तेवढ्यात तू म्हणालास, साहेब घरून निघाले. तू सांगतोस मी घरी, आणि मी मांडवात उभा राहिलो तर तुझा शब्द काय राहिला? व्याह्यांसमोर? म्हटलं, उखर्डू आणतोय तसं यावं. भुसावळ आलं, नशिराबाद आलं. आणि मग तू मला पुढे नेईचनास."

एका मांडवात उखर्डूभाऊ आप्पांची वाट बघत होते आणि आप्पा त्यांची.

बट्टीवर तूप घेत आप्पांनी हळूच विचारलं, "दर वेळी लोक इतका वेळ बसायचे का रे?"

"नाही आप्पा," उखर्डूभाऊ म्हणाले. "आज तुम्ही लवकर आलात."

हिलालभाऊ तुपाचं भांडं घेऊन वाढायला आले आणि आप्पांना जवळून पाहून जागच्या जागी उभे राहिले. मुहूर्ताच्या आधी, पुढच्या रांगेत जाण्यापूर्वी, याच म्हाताऱ्याला त्यांनी 'ओ बाबा, कूलर जरा इकडे फिरवा' असं सांगितलं होतं. म्हाताऱ्याने उठून फिरवला होता. हिलालभाऊंनी कानाला हात लावला, आप्पांनी त्यांच्या हातून तुपाची आणखी एक धार मागून घेतली, आणि विषय मिटला. मिटला म्हणजे असोद्यात मिटला. साक्रीत अजून चालू आहे. तिथे कोणाच्याही लग्नात कोणताही पुढारी आला की हिलालभाऊ आपल्या शेजारच्याला म्हणतात, "आमदार तं समदाकडे येतस. खासदार कूलर फिरावस, आसं लगन माले दखाडा."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत फोटो आला: भैय्या वाकलेले, आप्पांचा हात त्यांच्या डोक्यावर. खाली मजकूर असा, की ज्येष्ठ नेत्यांचा नव्या नेतृत्वाला आशीर्वाद, बंडखोरीच्या चर्चेला पूर्णविराम. आप्पांनी फोटो बराच वेळ पाहिला. बंड करायचं की नाही हे त्यांचं अजून ठरायचं होतं. ते परस्पर ठरून गेलं. पाय धरणाऱ्याचं तोंड न बघता डोक्यावर हात ठेवायची सवय त्यांना मतदारांनीच लावली होती, आता तक्रार कोणाकडे करणार? अपक्ष अर्ज भरला गेला नाही. भैय्या निवडून आले. उखर्डूभाऊंनी 'भावी' म्हटलं नव्हतं तरी आले, हे त्यांना जरा लागलं.

आता भैय्या खासदार आहेत आणि मुहूर्तानंतर दोन तासांनी येतात. त्यांच्याकडे गाड्या जास्त आहेत, म्हणून वेळ जास्त लागतो. पण असोदा पंचक्रोशीत अलीकडे एक वेगळीच अडचण झाली आहे. आप्पांना आता दुसरं काम नाही. ते पहिल्या बसने येतात, मांडवात सर्वांच्या आधी हजर होतात, आणि कूलरपाशी बसतात. मुहूर्ताची वेळ झाली की उखर्डूभाऊ स्टेजवरून त्या बाजूला एकदा बघून घेतात, माईक उचलतात आणि म्हणतात, "आप्पा आलेले आहेत. गुरुजी, सुरू करा." आणि लग्न लागून जातं. वर्षानुवर्षांच्या सवयीने दीड वाजता निवांत येणारी मंडळी बघतात तर काय, टाळी लागलेली, फोटो झालेले, वांग्याची भाजी तळाला गेलेली. त्यावरून दोन घरांत भांडणं झाली आहेत, आणि एका मामाने तर अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत म्हणून आहेर परत नेला.

परवाच्या लग्नात वरणाची दुसरी फेरी चालू असताना उखर्डूभाऊंचा फोन वाजला. भैय्यांचा माणूस होता. जरा थांबवून धरा म्हणाला, साहेब नशिराबादला पोहोचले आहेत.

उखर्डूभाऊंनी कूलरकडे पाहिलं. आप्पा बट्टी चुरत होते.

"येऊ द्या सावकाश," उखर्डूभाऊ म्हणाले. "नशिराबादला सावली बरी आहे."